जुईनं निवडलेल्या बिया

इथे जानेवारीत बागेत बघण्यासारखं काहीच उरलेलं नसतं, आणि नेमका त्याच दिवसांत बियांचा कॅटलॉग दारातून आत पडतो. दुपार सरायच्या आत अंधारून येतं, गवत भिजून मातीला चिकटलेलं असतं, कुंपणाच्या फळ्या ओलीनं काळ्या पडतात, आणि घराघरांत माणसं रेडिएटरजवळ खुर्ची ओढून टोमॅटोचे लालभडक फोटो बघत बसतात. यंदाचा कॅटलॉगही आला. आठवडा झाला, तो फ्रिजवर पडून आहे. मंदारनं, माझ्या नवऱ्यानं, एकदा तो काढून टेबलावर ठेवला. मी भांडी आवरता आवरता पुन्हा वर ठेवून दिला. 

आमचं घर लंडनच्या दक्षिण टोकाला, क्रॉयडनमध्ये, ट्रामच्या रुळांपासून दोन गल्ल्या आत. मागची बाग म्हणजे दोन साड्या शेजारी शेजारी वाळत घातल्या तर भरून जाईल एवढी पट्टी. कराडला, माझ्या माहेरी, कुणी बिया निवडायच्या म्हटलं असतं तर आईनं सूप पुढ्यात घेऊन खडे बाजूला काढायला सुरुवात केली असती. इथे बिया निवडायच्या म्हणजे चित्रं बघायची, मनाला येईल ते मागवायचं आणि पाकिटांची वाट बघायची. हे मला जुईनं शिकवलं.

जुई आमची एकुलती एक मुलगी. जन्मली इथेच. चार-पाच वर्षांची असताना ती कॅटलॉगमधली गाजरं, भोपळे बोथट कात्रीनं कापून काढायची आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर, स्वतःच्या उंचीला, चिकटवायची. भिंतीवर जे चिकटलं ते मागवायचं, असा तिचा कायदा. मार्चमध्ये खिडकीच्या कडेवर दह्याच्या रिकाम्या डब्यांची रांग लागायची, आणि शाळेतून आल्यावर बूट काढायच्या आधी ती प्रत्येक डब्यात डोकावून यायची. निम्मी रोपं गोगलगायी खायच्या. उरलेल्यातली निम्मी उन्हाअभावी पिवळी पडायची. तरी ऑगस्टमध्ये कधीतरी ती फ्रॉकच्या ओच्यात मूठभर शेंगा घेऊन आत यायची, आणि त्या मूठभर शेंगांची भाजी आम्ही तिघं पुरवून पुरवून खायचो.

जुई पंधरा वर्षांची असताना जो हंगाम आला, त्याबद्दल मी लिहायला बसले आहे.

त्या दिवाळीत तिनं करंजीला हात लावला नाही. पोट बिघडलंय म्हणाली. मग एक-एक करत सगळंच गेलं. काय आधी सुटलं आणि काय नंतर, हे आठवायचं मी आता सोडून दिलंय. नाताळपर्यंत तिची नखं निळसर दिसायला लागली होती आणि घरातही ती कोट घालून वावरायची. जीपीनं, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरनं, क्लिनिकला पाठवलं, क्लिनिकनं आजाराचं नाव सांगितलं. ॲनोरेक्सिया. हा शब्द मी मासिकांत वाचला होता. तो दुसऱ्या कुणाच्या तरी घरात असतो, अशी माझी समजूत होती. तिथल्या बाईंनी आम्हा दोघांना समजावलं, की हा हट्ट नाही, आजार आहे. मुलगी वेगळी आणि आजार वेगळा, हे ओळखायला शिका. याला औषध एकच, जेवण. ते तुम्हीच द्यायचं, ती संपवेपर्यंत समोरून उठायचं नाही, आणि टेबलावर जेवणाबद्दल एक शब्द काढायचा नाही.

ऐकताना मला ते जमण्यासारखं वाटलं होतं.

आमचं टेबल खिडकीशी आहे. एका बाजूला ती, समोर मी, मधे ताटली. वरणावर साय धरायची, पोळी कडक व्हायची. जुई हात बाह्यांमध्ये ओढून बसायची आणि ताटलीकडे अशी बघायची, जणू तिथे साप वेटोळं घालून बसलाय. "आई, मला नाही जमत. आय कान्ट." मी शिकवल्याप्रमाणे म्हणायचे, "मला माहीत आहे, बाळा. मी आहे इथे." मंदार मधेच उठून सिंकजवळ जायचा आणि नळ सोडून उभा राहायचा. पाण्याच्या आवाजाखाली तो काय करतोय हे आम्हा दोघींना कळायचं, आणि कळत नसल्यासारखं आम्ही दोघी बसायचो. एक घास व्हायचा. कधी तोही नाही. हे सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळी.

जेवणाबद्दल बोलायचं नाही, तर मुलीशी बोलायचं काय? त्या दिवसांत माझ्या लक्षात आलं, की जन्मभर मी दुसऱ्या कुठल्या शब्दांत माया केलीच नव्हती. जेवलीस का, भूक लागली का, गरम करून देऊ का, अर्धी अजून घे. एवढं काढून घेतल्यावर माझ्या तोंडात काही उरेना. मी तिला हवामानाबद्दल विचारायला लागले.

माझी मोठी बहीण, ताई, कराडहून व्हिडिओ कॉल करायची.

"उपास-बिपास धरलाय का तिनं?"

"नाही गं. आजार आहे हा."

"मग तिला इकडे पाठवून दे. मऊ भात, मेतकूट, वर तूप. गाल वर येतात की नाही बघ."

"ताई, तिला भाताची भीती वाटते."

 ताई हळूच म्हणाली, "भाताची?" 

अशात कॅटलॉग आला. मी तो न उघडता रद्दीत टाकला असता. पण एका शनिवारी सकाळी खाली आले तर जुई टेबलाशी बसलेली. स्वतःहून. किती तरी आठवड्यांत ती त्या खुर्चीवर बोलावल्याशिवाय बसली नव्हती. कोटाची टोपी डोक्यावर, पाय पोटाशी घेतलेले, आणि पुढ्यात कॅटलॉग उघडा.

"आई, हे बघ. जांभळा बीन्स. शिजवला की ग्रीन होतो म्हणे."

"जांभळी. शेंग ना ती," मी सवयीनं म्हणाले, आणि चरकले. आता ही उठून जाणार.

ती हसली. "व्हॉटेव्हर. जांभळी."

शिजवला, हा शब्द ती आपण होऊन बोलली होती. मी तो मनात घोळवत तिच्या शेजारी बसले. बी म्हणजे अजून अन्न नसतं. कागदावरच्या काकडीला ती घाबरत नव्हती. कुठल्या जातीला ऊन कमी चालतं, कुठली थंडीत तग धरते, वेल कुंपणावर चढवायचा की काठीवर, यावर ती कितीही बोलायची. तिचा आवाज पूर्वीसारखा व्हायचा, भरभर, मधेच इंग्रजीत घसरणारा. तेव्हापासून रोज संध्याकाळी, जेवणाची लढाई एकदाची संपली, की आम्ही कॅटलॉग घेऊन बसायचो. आवडलेल्या पानाला ती चिकटपट्टीची रंगीत खूण लावायची. दिवसभर मी त्या थोड्या वेळाकडे डोळे लावून काढायचे. ऑफिसचं काम घरून करताना, मीटिंग चालू असताना, कॉम्प्युटरच्या दुसऱ्या खिडकीत मी मातीचे प्रकार वाचत असायचे.

मनाशी मी एक धरून बसले होते. जे ती स्वतः पेरेल, ते ती खाईल. हे मला कुठल्या डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. माझं मीच ठरवलं, आणि माणसं नवसावर विश्वास ठेवतात तसा त्यावर ठेवला.

"एवढं सगळं लावणार कुठे?" मंदारनं एकदा विचारलं.

"कुंड्या आणू."

"आणि कुंड्या कुठे ठेवणार?"

"मंदार, ती बोलतेय माझ्याशी."

 पुढच्या शनिवारी तो जाऊन लाकडाच्या फळ्या घेऊन आला, आणि जन्मात करवत हातात न धरलेला तो माणूस भुरभुर पावसात, हूड ओढून, कुंपणालगत एक वाफा बांधत राहिला. त्याचे कोपरे जुळले नाहीत. अजूनही एका बाजूनं माती बाहेर येते.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका दुपारी जुई वर झोपली होती. म्हटलं, आज ऑर्डर करून टाकू. कॉम्प्युटर उघडला, कॅटलॉग शेजारी घेतला आणि खूण असलेलं एक-एक पान उलटत गेले. लाल मुळे, पांढरे मुळे. लेट्यूस. आणखी एक लेट्यूस, कुरळ्या पानांचं. काकडी. सेलरीचे दांडे. पुन्हा लेट्यूस. मग फुलं. मटारच्या पानावर खूण नव्हती. बटाट्याची पानं तर कडेला एकमेकांना चिकटलेली होती, ती कुणी उघडलीच नव्हती. मी मागे गेले, जांभळ्या शेंगांचं पान काढलं. तिथे चिकटपट्टी लावून मग ओढून काढल्याचा पांढरा ओरखडा होता.

 ज्यात पाण्याखेरीज काही नाही, नेमकं तेवढंच वेचून घेतलेलं. इतके दिवस माझ्या खांद्याला खांदा लावून पानं उलटत होतं, हसत होतं, ते मग कोण होतं?

मी मंदारला हाक मारली. तो वाकून कॅटलॉग बघत राहिला. त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

"मागव," तो शेवटी म्हणाला. "ती म्हणतेय तेच मागव."

"हे ती म्हणत नाहीये, मंदार."

"मग काय करायचं? आपण बटाटे मागवले तर ती या खोलीतही यायची बंद होईल."

त्याचं खरं होतं. मी बटण दाबलं. इतकं हताश होऊन मी आजवर काही विकत घेतलेलं नाही.

पाकिटं आली. हलवली की आत रेती सरकल्यासारखा आवाज. जुईनं ती खिडकीत ओळीनं उभी केली, आधी काय पेरायचं त्या क्रमानं. रविवारी पेरू, असं ठरलं. त्याआधी क्लिनिकची नेहमीची तपासणी होती. नर्सनं नाडी मोजली, पुन्हा मोजली, मग दुसऱ्या कुणाला तरी बोलावून आणलं. त्यांनी सांगितलं, हिला आज घरी नेता येणार नाही. जुईच्या खांद्याला शाळेची बॅग तशीच होती. ती माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "पण आपल्याला बी पेरायचा आहे." नर्सनं विचारलं, काय म्हणतेय ती? मला इंग्रजीत सांगता आलं नाही.

तिला ठेवलं तो वॉर्ड लंडनच्या दुसऱ्या टोकाला. आधी ट्रेन, मग बस. जेवणाच्या वेळा सोडून भेटायला परवानगी. मी जायचे, ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. कधी "हाय" म्हणायची, कधी "आई, तू जा ना." मी पाठीवरून हात फिरवायचे तेव्हा तळहाताला मणके लागायचे. परतीच्या ट्रेनमध्ये रडू यायचं. या शहरात रडणाऱ्या बाईला कुणी हटकत नाही. सुरुवातीला त्याचं बरं वाटलं. मग एकदा असं वाटलं, की कुणीतरी हटकावं, विचारावं, म्हणजे मला मोठ्यानं सांगता येईल. माझी मुलगी माझ्या डोळ्यांदेखत संपत चाललीय आणि माझ्या हातात अन्न आहे. दोन्ही हातांत अन्न आहे, आणि ते तिच्यापर्यंत पोचत नाही. एका संध्याकाळी ट्रामच्या थांब्यावर मला स्पष्ट वाटलं, ही आता जाणार. इतकं स्पष्ट, की समोर आलेल्या ट्राममध्ये मला चढता आलं नाही. दारं उघडली, मिटली. मी तिथेच.

खिडकीतल्या पाकिटांकडे मी बघत नव्हते. ती मंदारनं पेरली. मला न सांगता. एका रविवारी मी वॉर्डात जुईजवळ असताना त्याचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर वाफा, वाफ्यावर त्याचे चिखलाचे बूट.

"झालं पेरून," तो म्हणाला.

जुई कोपरावर उठली. "बाबा, तू सगळं एकत्र टाकला?"

"ओळीत टाकलंय की. ही बघ ओळ."

"ती ओळ नाही, बाबा. ती पार्टी आहे." आणि ती जरा वेळ त्याला सांगत राहिली, की मुळे वेगळे, लेट्यूसवर माती जास्त घालायची नाही, आणि काकडीला अजून थंडी सोसायची नाही, ती घरात ठेव. तो "बरं, बरं" म्हणत होता आणि कॅमेरा त्याच्या कानाकडे गेला होता. मार्च महिन्यात तिचा आवाज एवढाच एकदा वर चढलेला मला आठवतो.

एप्रिलमध्ये ऊन आणि पाऊस आलटून पालटून आले आणि वाफ्यात एकच गर्दी उसळली. वॉर्डात मात्र काहीच पुढे सरकत नव्हतं. एका बैठकीत डॉक्टरांनी सांगितलं, आता तिच्या होकाराची वाट बघता येणार नाही, कायद्याचा आधार घेऊन नळीनं अन्न द्यावं लागेल. ते फार मऊ आवाजात बोलले. मी मान डोलावली. घरी आले, कोट न काढता मागच्या दारानं बागेत गेले. लेट्यूस तरारून आलं होतं. कोवळं, ओलं, पोपटी. त्याला कशाची कमी नव्हती. माझ्या मुलीच्या नाकात नळी घालणार होते, आणि तिच्या आजारानं मागवलेलं हे इथे फोफावत होतं.

मी गुडघे टेकले आणि उपटायला लागले. दोन्ही हातांनी. मुळ्यांना नखाएवढे लाल गड्डे धरले होते, तेही ओढून कुंपणाकडे फेकले. नखांत माती गेली, बाह्या भिजल्या. मंदार आतून आला. त्याचा ऑफिसचा कॉल चालू होता, हेडफोन गळ्यात लोंबत होता. मला वाटलं, तो मला धरेल, आत नेईल. तो वाफ्याच्या दुसऱ्या बाजूला बसला आणि तिकडून उपटायला लागला. हेडफोनमधून कुणीतरी त्याला नावानं हाक मारत होतं.  सगळं काळंभोर मोकळं होईपर्यंत आम्ही थांबलो नाही.

मग ओल्या गवतावर तसेच बसून राहिलो.

"तिला काय सांगायचं?" त्यानं विचारलं. 

नळीचे पहिले आठवडे मी लिहिणार नाही. ते तिचे आहेत. एवढं सांगते, की शरीराला अन्न मिळायला लागलं तशी तिच्या डोळ्यांमागे जुई अधूनमधून दिसायला लागली. पाण्यात खोल काहीतरी हलावं आणि पुन्हा दिसेनासं व्हावं, तशी. मे महिन्यात एका दुपारी तिनं विचारलं, "लेट्यूस किती मोठा झाला?"

"उपटलं."

"सगळं?"

"सगळं. मी आणि बाबानं."

ती खिडकीकडे बघत राहिली. "का?"

"कारण ते तू मागवलेलंच नव्हतं."

बोलून गेले. आता ती मला जायला सांगेल, पुढच्या वेळी भेटणार नाही. तिनं पांघरुणाचा एक धागा ओढला, बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"आय नो," ती म्हणाली. "मला माहीत होता. मी मटारला स्टिकर लावणार होते, आई. रोज. पण ती आतून ओरडायची. बीन्सचा तर लावला होता. काढायला लावला."

ती म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही.

"मग आता तिथे काय आहे?"

"काही नाही. माती."

"फोन दे."

बियांच्या दुकानाचं पान तिनंच उघडलं. अंगठ्यानं सरकवत गेली. पालेभाज्या गेल्या, काकड्या गेल्या. मग अंगठा थांबला. तिचा श्वास वाढलेला मला ऐकू येत होता. वरच्या ओठावर घाम आला होता. एका भाजीच्या चित्राला माणूस इतकं घाबरू शकतं, हे मी शेजारी बसून बघत होते, आणि माझ्याच्यानं काही करवत नव्हतं. तिनं फोन माझ्याकडे वळवला.

"हा."

"मका?"

"बोलू नको ना. फक्त ऑर्डर कर. पटकन. माझ्यासमोर."

 पत्ता चुकला, पुन्हा लिहिला. ती पडद्याकडे न बघता माझ्या हाताकडे बघत होती.

"झाला?"

"झालं."

"आता कॅन्सल नको करू." ती भिंतीकडे वळली आणि भराभर बोलली, वेळ कमी असल्यासारखी. "मी उद्या फोन करेन. म्हणेन कॅन्सल कर. रडेन, वाईट बोलेन तुला. तरी करू नको. प्रॉमिस कर."

मी तिच्या पाठीवर हात ठेवून वचन दिलं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. तो आवाज मी कधी विसरणार नाही. ती विनवत होती, किंचाळत होती, माझं तोंड पुन्हा बघणार नाही म्हणत होती. मी स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून फोन कानाला धरून होते आणि "नाही, बाळा" एवढंच म्हणत होते. मंदार माझ्यासमोर बसला होता, माझे दोन्ही पाय हातांत धरून. ज्या पोरीनं हे करू नको म्हणून बजावलं होतं, तीच पलीकडून कर म्हणून आक्रोश करत होती, आणि त्या दोघींतल्या एकीचंच ऐकायचं होतं. मी पहिलीचं ऐकलं.

मक्याचं बी इतर बियांसारखं धुळीत हरवणारं नसतं. सुरकुतलेला दाणाच तो, हातात घेतला की वजन लागतं. मी कागदी पेल्यांत एक-एक लावला. पेरायला उशीरच झाला होता.

जुलैमध्ये जुई घरी आली. लोकांना वाटलं, सुटली. ताईनं तिकडे पेढे वाटले. पण घरी पुन्हा तेच टेबल, त्याच तीन वेळा. कधी ती जेवायची, कधी ताटली भिंतीवर जायची, कधी मी जिन्यात बसून तोंडात पदर कोंबायचे. एकदा वाटायचं, उतार पडतोय. दुसऱ्याच दिवशी सगळं पुन्हा पहिल्यासारखं. बागेत मका तिच्या खांद्यापर्यंत आला तरी ती त्याच्या बाजूनं जायची नाही. दोरीवरचे कपडे काढायचे तर मला सांगायची.

आता ती दूर, उत्तरेकडे, विद्यापीठात शिकते. बरेच महिने चांगले जातात. काही आठवडे जात नाहीत. गेल्या रविवारी फोनवर तिचा आवाज बारीक लागला, थंडी वाजतेय म्हणाली, आणि थंडी तर सगळ्यांनाच वाजते, जानेवारी आहे. मी जेवलीस का विचारलं नाही. फोन ठेवल्यावर मंदार म्हणाला, "तिनं कॅटलॉगचं विचारलं नाही या वेळी." माझ्याही ते लक्षात आलं होतं.  हा आजार घरातून गेला असं कुणी सांगत नाही. सध्या शांत आहे, एवढंच सांगतात. दर वर्षी हे काळे, ओले दिवस आले की ती बोलता बोलता जरा थांबली तरी मी तिचा श्वास ऐकायला लागते.

त्या वर्षी सप्टेंबरात कणसं धरली. इथल्या उन्हावर वाढलेली ती, वीतभरही नव्हती. सोललं तर दाण्यांच्या ओळीत मधे मधे फटी. शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी मंदारनं एक कणीस चिमट्यात धरून गॅसवर भाजलं, लिंबाची फोड तिखटमिठात बुडवून त्यावर घासली, आणि मागच्या दाराच्या पायरीवर बसलेल्या जुईच्या हातात दिलं. दिलं आणि आत निघून गेला. मी तिच्या शेजारी बसले होते.

तिनं ते बराच वेळ धरून ठेवलं. लिंबाचं पाणी तिच्या मनगटावरून कोपराकडे ओघळलं.

"आई, तू बघू नको."

"नाही बघत."

मी कुंपणाकडे तोंड फिरवलं. दूर कुठेतरी ट्राम वळत होती, तिचा घासल्यासारखा आवाज आला आणि विरला. शेजारच्या घरात कुणीतरी खिडकी लावली. मग माझ्या मागे एक दाणा नखानं उकरल्याचा आवाज आला. दातांखाली तो फुटल्याचा. त्यानंतर काहीच नाही, इतका वेळ की मला वाटलं, संपलं, आता नाही होणार. मी फळीतल्या एका गाठीवर नजर खिळवून हलले नाही. मग पुन्हा एक.